फुलपाखरं आणि पतंगांचा अभ्यास करायचाय? मराठवाड्यातून सुरुवात अशी करा

फुलपाखरांचा अभ्यास करून पोट भरतं का, हा प्रश्न बीड-परभणीकडची मुलं विचारतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांचे आईवडील विचारतात. लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांमध्ये वाढलेल्या घरात जीवशास्त्र म्हणजे नीट आणि नीट म्हणजे एमबीबीएस, एवढंच माहीत असतं. त्यामुळे सरळ उत्तर देतो: पोट भरतं. पण नुसत्या फुलपाखरांवर नाही. त्यासाठी पतंग शिकावे लागतात, आणि त्याहून आधी अळी.

भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या वर आहेत, तर पतंगांच्या दहा हजारांच्या वर. दोघांचा गण एकच, लेपिडोप्टेरा. पंखांवर बारीक खवले असलेले हे कीटक. फुलपाखरांच्या मागे लागणारे हौशी लोक पुष्कळ आहेत, पतंगांच्या मागे फार थोडे. आपल्याकडच्या शेतीचं नशीब मात्र पतंगांच्या हातात आहे. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, हरभऱ्यावरची घाटेअळी, मक्यावरची लष्करी अळी, सोयाबीनवरची उंटअळी, या सगळ्या पतंगांच्याच अळ्या. आणि ज्याच्या जिवावर बीड-जालन्यातल्या कित्येक घरांत दर महिन्या-दीड महिन्याला पैसा येतो, तो रेशीमकिडाही पतंगाचीच अळी.

पहिली पायरी: अळी पाळून बघा

कॉलेज, पदवी, मार्गदर्शक हे सगळं नंतर. आधी घरात एक अळी वाढवा. रुई कुठंही सापडते, पडीक रानात, रुळाच्या कडेला, गावाबाहेरच्या उकिरड्यावर. पावसाळ्यात तिची पानं उलटून बघा. पानाच्या मागच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं पांढुरकं एकटं अंडं दिसलं, तर ते बहुतेक प्लेन टायगरचं, म्हणजे आपल्या बिबळ्या कडव्याचं. ते पानासकट आणा. एक मोठी बरणी घ्या, तळाला साधा कागद टाका, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा रबराने बांधा. पान रोज ताजं द्या, विष्ठा रोज काढा. बरणीत पाण्याचे थेंब साचायला लागले की बुरशी आलीच म्हणून समजा. फांदी पाण्यात ठेवणार असाल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी त्यात बुडून मरते. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात साबणाने धुवा.

अंड्यातून निघालेली अळी पहिल्यांदा स्वतःचं कवच खाते. मग पानाला तोंड लावते. चार वेळा कात टाकते. मोठी झाल्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या मऊ शेपटांच्या तीन जोड्या दिसतात. कोष हिरवा होतो किंवा गुलाबीसर. तो कशावर टांगला, किती वाजता फुटला, पंख वाळायला किती वेळ लागला, हे सगळं वहीत लिहा.

रुईनंतर दारातला कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड बघा. लाइम फुलपाखराची लहान अळी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटच्या कातीनंतर ती हिरवीगार होते. तिला काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून दोन फाट्यांचं मांसल शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की स्वसंरक्षणावरचं पुस्तकातलं प्रकरण वेगळं पाठ करावं लागत नाही.

तिसरी पाळणूक पतंगाचीच असू द्या. तिळाच्या पिकात बोटाएवढी जाड, शेपटीला वाकडं शिंग असलेली अळी सापडली तर ती बहुधा डेथ्स हेड हॉकमॉथची असते. ही कोष मातीत करते, म्हणून बरणीत वीतभर भुसभुशीत, किंचित ओलसर माती लागते. निघालेल्या पतंगाच्या छातीवर कवटीसारखी खूण असते. हातात धरला तर तो चिरकतो, आणि हाच पतंग रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितो. केसाळ अळ्यांना मात्र उघड्या हाताने शिवू नका, अंगावर गांधी उठतात.

कधीकधी अळीतून फुलपाखरू निघतच नाही, बारीक गांधीलमाश्या किंवा माश्या निघतात. नवी मुलं तेव्हा हिरमुसतात आणि बरणी फेकून देतात. तसं करू नका. ते परजीवी कीटक जपून ठेवा, कोणत्या अळीतून किती निघाले ते लिहा. जैविक कीड नियंत्रणाचं अख्खं शास्त्र याच निरीक्षणावर उभं आहे, आणि अशा नोंदींना संशोधनात खरी किंमत मिळते.

ओळख पटवणं

बिबळ्या कडवा विषारी, पक्षी त्याला टाळतात. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते आणि त्या बदनामीचा फायदा घेते. उडताना दोघांत फरक करणं अवघड. बसल्यावर मागचा पंख बघा. बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके असतात, तीन किंवा चार. नराला एक जास्त, कारण त्याच्याकडे गंधाची पिशवी असते. एगफ्लायच्या मादीला मध्यावरचे हे ठिपके नसतात. तिची अळी रुईवर नाही, घोळीवर वाढते. आपण भाजी करतो तीच घोळ. ओळख पक्की करायची तर नुसता रंग पुरत नाही, ठिपका, शीर, बसण्याची पद्धत आणि अळीचं झाड असं सगळं लागतं.

ब्लू मॉरमॉन हे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे, पण ते जास्त पावसाच्या जंगलाचं. मराठवाड्याच्या कोरड्या रानाचे मानकरी वेगळे. नेपती आणि वाघाटीवर वाढणारे पायोनियर आणि ऑरेंज टिप, बोरीवरचे इवले पिएरो, तरवड-टाकळ्यावरचे पिवळे ग्रास यलो, आंब्याच्या बांडगुळावरचं हळदीकुंकू. म्हणून झाडं ओळखायला शिका. अळीचं झाड कळलं की फुलपाखरू कुठं शोधायचं हे आपोआप कळतं. माझ्या मते चांगला कीटकशास्त्रज्ञ अर्धा वनस्पतीशास्त्रज्ञ असतोच, आणि गुरं राखणाऱ्या, रानभाज्या खुडणाऱ्या बायामाणसांना यातलं पुष्कळ येतं. त्यांना विचारा.

जागेसाठी लांब जायला नको. गावाचा ओढा, दगडीपाल्याने भरलेला बांध, ग्रामपंचायतीच्या विहिरीजवळची ओल, एवढं पुरतं. पुढे कन्नडचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य, म्हैसमाळ, बालाघाटच्या डोंगररांगा, येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य, किनवटचं सागाचं जंगल, हे सगळं पाहा. पहिल्या पावसानंतर पतंगांची झुंबड उडते, फुलपाखरं भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत भरपूर असतात. उन्हाळ्यात रान ओस पडतं. तो काळ वही नीट लावायचा आणि इंग्रजी शोधनिबंध वाचायचा.

रात्रीचं काम आणि नमुने

पतंगांसाठी पांढरा पडदा आणि दिवा लागतो. पूर्वी मर्क्युरी व्हेपरचा जड दिवा आणि जनरेटर न्यावा लागायचा, आता पॉवर बँकेवर चालणारे अतिनील एलईडी मिळतात. शेतात लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे आपल्या भागात तेच बरे. अमावस्येच्या आसपासची, ढगाळ, वारा नसलेली रात्र निवडा. शेतमालकाला आणि पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा. रात्री अकरा वाजता रानात उजेड दिसला की गाव काठ्या घेऊन येतं, आणि त्यात त्यांची चूक नसते. पायात बूट, हातात टॉर्च, आणि एकट्याने जायचं नाही. फवारणी झालेल्या शेतात त्या दिवशी शिरू नका.

फुलपाखरांचे बहुतेक वेळा फोटो पुरतात: वरून एक, खालून एक, आणि ज्या झाडावर होतं त्याचा एक. बारीक पतंगांचं तसं नाही. कित्येक जाती बाहेरून सारख्याच दिसतात. त्यांचं पोट दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय जात ठरत नाही. त्यासाठी नमुना लागतो, पण लागतो तेवढाच घ्या. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार काही फुलपाखरं संरक्षित आहेत, २०२२ च्या दुरुस्तीने याद्या बदलल्या, म्हणून जुनी यादी वापरू नका. अभयारण्यातून वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक पंखही उचलायचा नाही. वाळवलेली फुलपाखरं विकत घेणं-देणं तर मुळीच नाही.

नमुन्याइतकंच लेबल महत्त्वाचं, किंबहुना जास्तच. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणत्या झाडावर किंवा दिव्यावर, कुणी गोळा केला, हे सगळं त्याच दिवशी, शिसपेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहायचं. लेबल नसलेला सुंदर पतंग संग्रहालय घेत नाही. लेबल असलेला पंख फाटलेला पतंग शंभर वर्षांनीही उपयोगी पडतो. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका. तिथले जाणकार ओळख तपासून देतात, आणि पश्चिम घाटाच्या मानाने आपल्या जिल्ह्यांतल्या नोंदी विरळ असल्याने तुमची साधी नोंदही कामाची ठरते.

शिक्षण: दोन वाटा

बारावी विज्ञान, जीवशास्त्र घेऊन. तिथून दोन फाटे फुटतात.

एक शेतीचा. सीईटी देऊन बी.एस्सी. कृषी, चार वर्षं. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ चं आहे, त्याची महाविद्यालयं परभणीसह लातूर, अंबाजोगाई, बदनापूर, धाराशिव इथं आहेत. मग एम.एस्सी. कृषी कीटकशास्त्र, दोन वर्षं, आणि हवी तर पीएच.डी.

दुसरा प्राणीशास्त्राचा. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चं. यांच्याशी जोडलेल्या कॉलेजात बी.एस्सी. आणि मग एम.एस्सी. प्राणीशास्त्र करता येतं. प्रवेश घेण्याआधी तिथं कीटकशास्त्र हा विशेष विषय आहे का आणि शिकवणारं माणूस प्रत्यक्ष कीटकांवर काम करतं का, हे जाऊन विचारा.

कोणती वाट धरावी? घरी लवकर पगार जायला हवा असेल तर शेतीची. जातींचं वर्गीकरण, परिसंस्था, उत्क्रांती यांत जीव रमत असेल आणि पाच-सात वर्षं ओढाताण सोसायची तयारी असेल तर प्राणीशास्त्राची. त्या वाटेवर सीएसआयआर नेट या राष्ट्रीय परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो, आणि पीएच.डी. सुसह्य होते. कृषीवाल्यांसाठी कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची (एएसआरबी) नेट वेगळी असते. राज्यातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी सेट ही राज्याची पात्रता परीक्षाही चालते. संख्याशास्त्राचा कंटाळा करू नका. आर नावाची मोफत संगणक प्रणाली पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच हाताळायला लागा.

काम कुठं मिळतं

सर्वात मोठं काम कपाशीत आहे. गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये भारतातल्याच कपाशीवरच्या नमुन्यांवरून केलं. २००२ मध्ये बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा आला, आणि काही वर्षांत ही अळी त्यालाही दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भातली बोंडं आतून पोखरली गेली ते सगळ्यांना आठवत असेल. या अळीचा अभ्यास करणारा माणूस काय करतो? पात्या (फुलांच्या कळ्या) लागल्यापासून शेतात फिरतो. पाकळ्या गुलाबासारख्या एकमेकांना चिकटलेलं न उमललेलं फूल दिसलं की ती डोमकळी. ती उकलून आत अळी आहे का बघतो. हिरवी बोंडं फोडून सरकीतली अळी मोजतो. शेतात कामगंध सापळे लावतो. त्यातल्या गोळीत मादीच्या गंधासारखं रसायन असतं आणि नर पतंग फसून येतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग आले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात, आणि मगच फवारणीचा सल्ला दिला जातो. फरदड (वेचणी संपल्यावर पुन्हा पाणी देऊन ठेवलेलं पीक) ठेवू नका, पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) बांधावर रचून ठेवू नका, हे शेतकऱ्याला पटवून देणंही याच कामात येतं, कारण अळी त्या वाळल्या बोंडांत आणि सरकीत सुप्तावस्थेत बसून राहते. हे पटवायला पदवीपेक्षा शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता येणं जास्त लागतं. इथल्या घरांत वाढलेल्या मुलामुलींना ते जन्मतःच येतं, आणि ही त्यांची मोठी ताकद आहे.

नांदेडचं कापूस संशोधन केंद्र, बदनापूरचं कडधान्यांवर काम करणारं कृषी संशोधन केंद्र, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रं अशा ठिकाणी कीटकशास्त्राची पदं असतात. कृषी विज्ञान केंद्रातला पीक संरक्षणाचा विषय विशेषज्ञ हे माझ्या दृष्टीने नव्या माणसासाठी उत्तम काम: संशोधनही होतं आणि शेतकरीही रोज भेटतो. २००९-१० पासून राज्याचा क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण प्रकल्प चालतो, पिकांवरच्या नोंदी कशा घेतात हे त्याच्या पद्धतीवरून शिकण्यासारखं आहे. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि बघता बघता आपल्या मक्यात शिरली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, एवढ्या खुणांवरून ती वेळीच ओळखणारी माणसं तेव्हा हवी होती. पुढची नवी कीड येईल तेव्हाही हवी असतील.

दुसरं मोठं क्षेत्र रेशीम. इथं पतंग शत्रू नाही, घरचा आहे. अंडीपुंज (पतंगाने घातलेल्या अंड्यांचा समूह), चॉकी (लहान अळ्यांचं सुरुवातीचं संगोपन), चार काती, चंद्रिका (अळी जिच्यावर कोष विणते ती जाळी) आणि मग कोष, असा साधारण महिन्याचा खेळ. पूर्वी आपले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जायचे, २०१८ पासून जालन्यात कोषांची बाजारपेठ आहे. कीटकशास्त्र शिकलेल्याला इथं चॉकी केंद्र स्वतः काढता येतं, जिल्हा रेशीम कार्यालयात काम मिळू शकतं, किंवा रोगनिदानात उतरता येतं. पेब्रिन हा रोग मादीतून अंड्यांत उतरतो, म्हणून अंडी घातल्यावर मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही रीत एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांनी घालून दिली. त्यात रेशीम अळीवर अंडी घालणारी उझी माशी आणि शेजारच्या शेतातून उडून येणारं कीटकनाशक ही रोजची डोकेदुखी. या क्षेत्राकडे शिकलेली मुलं अजून पुरेशी वळलेली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिसरं, जैविक नियंत्रणाच्या प्रयोगशाळा. ट्रायकोग्रामा ही अतिसूक्ष्म गांधीलमाशी पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. ती वाढवायला कॉर्सायरा नावाच्या धान्यातल्या पतंगाची अंडी लागतात, ती कार्डावर चिकटवली की ट्रायकोकार्ड तयार होतं. भरडलेल्या धान्यावर पतंग वाढवायचे, अंडी गाळायची, कार्ड करायची. हा छोटा उद्योग म्हणूनही उभा राहतो.

बियाणं आणि कीटकनाशक कंपन्यांत शेतातल्या चाचण्यांची कामं असतात, पगार वेळेवर होतो, पण विक्रीच्या कामात ढकललं जाणार नाही ना, हे मुलाखतीतच विचारून घ्या. कॉलेजात कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. मात्र जागा निघायला वर्षं लागतात आणि तोवर तासिका तत्त्वावर दिवस काढावे लागतात, हे घरच्यांना आधीच सांगा. निव्वळ फुलपाखरं आणि वर्गीकरणाचं काम हवं असेल तर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पुण्यातलं पश्चिम विभागीय केंद्र, १८८३ पासूनची मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) आणि बंगळूरची राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही संस्था, यांच्या प्रकल्पांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांसाठीही कीटक ओळखणारी माणसं लागतात.

मार्गदर्शकाला पत्र

पहिल्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.साठी लिहाल तेव्हा "मला फुलपाखरांची आवड आहे" या वाक्याने सुरुवात करू नका, तसं सगळेच लिहितात. एका ठिकाणची वर्षभराची यादी जोडा: जात, तारीख, झाड, अळी की प्रौढ. ज्या ओळखींबद्दल खात्री नाही त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. अनुभवी माणूस आधी ती प्रश्नचिन्हंच बघतो, कारण त्यावरून तुमचा प्रामाणिकपणा कळतो. पाळलेल्या अळ्यांची नोंद आणि त्यातून निघालेले परजीवी वेगळ्या पानावर द्या. त्यांचे दोन शोधनिबंध वाचून एक नेमका प्रश्न विचारा. पत्र परभणीला जाणार असेल तर कपाशी, तूर, सोयाबीनवरच्या नोंदी वर घ्या. पुण्याला किंवा बंगळूरला जाणार असेल तर नेपती-वाघाटीवरची फुलपाखरं आणि पडद्यावर आलेले पतंग. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर नम्रपणे एकदा आठवण करा, आणि तोवर बरणीतली पानं बदलत राहा.